दुसरी लाइन आली की आधी हे कर

शाळेनं दुसऱ्या इंटरनेट लाइनचे पैसे मंजूर केले आणि त्याच बैठकीत ‘मॅडम, ते फायरवॉलचं आणि पोरांच्या यूट्यूबचंही तेवढं बघून घ्या’ म्हणून सगळं तुझ्या गळ्यात घातलं. तुझा मेसेज वाचला तेव्हाच कळलं, की बाईसाहेबांची झोप उडालीय. अगं, बारावीच्या आयटीच्या ऑनलाइन परीक्षेत ऐन वेळी कॉम्प्युटर बसला तरी तू बॅच पूर्ण करून घेतेस, तुला हे का जमणार नाही? फायरवॉल अवघड नसते. कामाचा क्रम चुकला की ती अवघड होते. म्हणून आज क्रमानं सांगते. वही घेऊन बस.

बघ, फायरवॉलचा बॉक्स विकत घ्यायच्या आधी, नेटवाल्याला फोन करायच्याही आधी, एक पान लिहून काढ. शाळेत नेट कोण वापरतं आणि कशाला? ऑफिसात क्लार्कना शालार्थवर पगारबिलं करायची असतात, यू-डायसची माहिती भरायची असते, बोर्डाचे फॉर्म असतात, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज असतात. लॅबमध्ये मुलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे फोन. गेटवर सीसीटीव्ही. आता प्रत्येकाच्या नावापुढं लिही, की अर्धा तास नेट गेलं तर काय बिघडतं. ऑफिसला शेवटच्या तारखेला पाच मिनिटंही चालणार नाही. लॅबचा तास पुढं ढकलता येतो. स्टाफरूमचं काहीच अडत नाही, ज्याच्या त्याच्या खिशात डेटा आहेच. खरं सांगू का, हे पान झालं की अर्धं काम झालं. पुढं स्क्रीनवर तुला जे जे विचारलं जाईल त्याचं उत्तर याच पानावर असणार आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. वारणानगर तुमच्या वडगावपासून असं किती लांब आहे? १९९८ मध्ये तिथं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा समूहाच्या परिसरातली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची, असा बेत. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह, तिघांनी पैसा घातला. देशभर नाव झालं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं तिथं जाऊन बघू लागली, तर शेतकरी त्या केंद्रांवर येत होते ते मुख्यतः उसाचं वजन, बिल आणि खताची माहिती विचारायला. मग तेवढंच साध्या मोबाइलवर एसएमएसनं देऊन बघितलं, आणि ते स्वस्तातही पडलं, लोकांनाही सोयीचं झालं. लोकांना नेमकं काय लागतं हे कळल्यावर यंत्र आपोआप ठरलं. तुझ्या शाळेतही असंच होऊ दे. कोटेशनमधली मोठमोठी नावं वाचून घाबरू नकोस, आधी तुझं पान बघ.

आता लाइनी. पहिली आहे केबलवाल्याची फायबर. दुसरीसाठी आणखी एका फायबरवाल्याचं कोटेशन आलंय आणि ते स्वस्त आहे म्हणतेस. थांब जरा. आधी रस्त्यावर उभी राहून दोघांच्या केबली शाळेपर्यंत कुठून येतात ते डोळ्यांनी बघ. एकाच पोलवरून येत असतील, किंवा गटारीच्या कडेनं एकाच चरातून, तर ट्रकनं पोल पाडला की दोन्ही एकदमच गेल्या. त्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम, जेसीबीचा दात कुठं लागेल सांगता येत नाही. बिलं दोन येतील आणि लाइन मात्र एकच, असं होऊ देऊ नकोस. दुसरी लाइन वेगळ्या वाटेनं येणारी घे. फोरजी किंवा फाइव्हजीचा सिम घालायचा राउटर असेल, नाहीतर गच्चीवर छोटी डिश लावून हवेतून येणारी असेल. वेग कमी असला तरी चालेल, तुझ्या पानावरचं ऑफिसचं काम तेवढ्यात भागतं.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर आठव. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी वीज नाही. अशा वेळी नेट जातं ते बऱ्याचदा विजेमुळं. म्हणून फायबरवाल्याचा मोडेम, फायरवॉल, स्विच आणि सिमचा राउटर ही चारही एकाच यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घे. फायरवॉलला बॅकअप दिला आणि मोडेम साध्या पॉइंटवर राहिला, असं बरेच जण करतात. मग लाइट गेली की सगळं ठप्प. आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव झाला तेव्हा सरकारनंच इंटरनेट बंद ठेवलं होतं. त्याला तुझ्या दोन काय, चार लाइनींनीही उपाय नाही. म्हणून क्लार्कभाऊंना प्रेमानं पण ठासून सांग, की शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही.

बॉक्स कोणता घ्यायचा? तयार यूटीएम, म्हणजे फायरवॉल आणि वेबसाइट अडवायची सोय एकत्र असलेले बॉक्स, मिळतात. आपल्या मराठी माणसांचंच घ्यायचं मनात असेल तर क्विक हीलवाल्या काटकर बंधूंच्या सेक्राइटचा यूटीएम अजून मिळतो का ते आधी विचार. कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता धाकट्या भावाला कॉम्प्युटर शिकायला लावलं आणि दोघांनी मिळून एवढी कंपनी उभी केली. तयार बॉक्सचं सुख म्हणजे फोन केला की माणूस मिळतो, दुःख म्हणजे दरवर्षी लायसन्सचे पैसे. नूतनीकरण चुकलं की वेबसाइट अडवणाऱ्या याद्या जुन्या होत जातात. दुसरा रस्ता ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स. ही फायरवॉलची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात. पीएफसेन्स २००४ पासूनचं, ओपीएनसेन्स त्यातूनच २०१५ मध्ये वेगळं निघालं. लॅबमधून बाजूला काढलेला एखादा बरा कॉम्प्युटर, चार जीबी रॅम आणि तीन नेटवर्क पोर्ट एवढ्यावर शंभर एमबीपीएसची लाइन आरामात चालते. तीन का? दोन बाहेरच्या लाइनींना आणि एक आतल्या स्विचला. नेटवर्क कार्डं इंटेलची बघ. यूएसबीला लावायचं कार्ड मात्र घेऊ नकोस, ते चालता चालता मध्येच गायब होतं. माझं मत विचारशील तर तू ओपीएनसेन्स घे. तुला शिकायची हौस आहे आणि शाळेकडं दरवर्षीचा पैसा नाही.

आता जिथं सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सांगते, इथं नीट लक्ष दे. केबलवाल्याचा मोडेम बहुतेक १९२.१६८.१.१ या पत्त्यावर बसलेला असतो. सिमचा राउटरही पुष्कळदा तोच पत्ता घेऊन बसतो. आणि ओपीएनसेन्स नवीन टाकलं की त्याच्या आतल्या बाजूचा पत्ताही नेमका १९२.१६८.१.१. तिघांचा पत्ता एकच झाल्यावर डेटाचं कुठलं पाकीट कुणाकडं द्यायचं हे फायरवॉलला कळणार कसं? मग लाइन चालू दिसते, दिवे लुकलुकतात, आणि पान काही उघडत नाही. माणूस नेटवाल्याशी भांडत बसतो. म्हणून फायरवॉल जोडायच्या आधी लॅपटॉप एकेका मोडेमला सरळ लावून बघ, कोणता पत्ता येतो तो वहीत लिही. आतल्या बाजूला १९२.१६८.१०.१ दे, दुसऱ्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ कर. केबलवाल्यानं मोडेम ब्रिज मोडवर करून दिला तर फारच छान. मग त्याचा युजरनेम-पासवर्ड थेट फायरवॉलमध्ये घालायचा. तेवढा त्याच्याकडून मागून घे. ‘तुम्हाला कशाला पायजे मॅडम’ म्हणेल, तरी घे.

दोन्ही लाइनी जोडल्या की फायरवॉल विचारते, दोन्ही एकदम वापरू का एक राखून ठेवू? सगळ्यांना वाटतं एकदम वापरू, दुप्पट वेग मिळेल. तू राखून ठेव. बघ, घरात गॅसचे दोन सिलिंडर असतात, एक शेगडीला आणि एक भरलेला कोपऱ्यात, तसंच हे. दोन्ही एकदम लावल्या की अर्ध्या विनंत्या एका लाइनीतून जातात, अर्ध्या दुसरीतून. बँकेची किंवा सरकारी साइट बघते, की आत्ता हा माणूस एका पत्त्यावरून आला होता, आता दुसऱ्यावरून कसा? आणि लॉगिन तोडून टाकते. पगारबिल अर्धं भरून झाल्यावर हे झालं तर क्लार्कभाऊ तुझ्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत. गेटवे ग्रुप नावाची गोष्ट आहे, तिच्यात फायबरला टियर १ दे आणि सिमच्या लाइनीला टियर २. आणि ग्रुप केला म्हणजे झालं असं समजू नकोस गं. आतल्या लॅनच्या नियमात जाऊन गेटवेच्या रकान्यात तो ग्रुप निवडावा लागतो. ते राहिलं तर सगळं मांडून ठेवलेलं असतं आणि वापरात काहीच नसतं. त्या नियमाच्या वर आणखी एक नियम ठेव, की फायरवॉलच्याच पत्त्यावर येणारी डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधायची, विचारणा आतच राहू दे. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की पुढचे बघितले जात नाहीत, हे मनात पक्कं कर. ‘नियम बरोबर आहे तरी चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी तो कितव्या नंबरला आहे ते बघायचं.

लाइन मेली हे फायरवॉलला कळतं कसं? ती ठरावीक पत्त्याला सारखी हाक मारत असते, ओ आली की लाइन जिवंत. हा पत्ता आपण न सांगितला तर ती बहुतेक मोडेमलाच हाक मारते. आता मोडेम तर टेबलावरच आहे, बाहेर पोल पडलेला असला तरी तो ओ देणारच. म्हणून बाहेरचा पत्ता द्यायचा आणि दोन लाइनींना वेगवेगळा द्यायचा. एकीला ८.८.८.८ दे, दुसरीला १.१.१.१. डीएनएस सर्व्हरही प्रत्येक लाइनीचा वेगळा लिही, नाहीतर लाइन बदलली तरी नावं शोधायचं काम मेलेल्या लाइनीवरच अडकून बसतं.

सिमच्या लाइनीवर गेल्यावर आधी चालू असलेली कामं एकदा तुटतात. तेवढं होणारच, लोकांना आधीच सांगून ठेव. फायबर परत आली तरी काही जुनी जोडणी सिमवरच रेंगाळते आणि डेटा संपवते, म्हणून त्या लाइनीवर स्टाफरूमच्या फोनांना जाऊच देऊ नकोस. तुझं पान काय म्हणत होतं? त्यांचं काही अडत नाही. एक बारीकशी गोष्ट आणखी. सिमच्या लाइनीला बहुतेक वेळा स्वतःचा असा बाहेरचा पत्ता नसतो, त्यामुळं ट्रस्टींना घरून सीसीटीव्ही बघायची हौस असेल तर ती फायबर चालू असतानाच भागेल.

आता वेबसाइट अडवायचं. मुख्याध्यापकांना वाटतंय की एक बटण दाबलं की वाईट सगळं बंद. त्यांना आणि तुलाही खरं काय ते माहीत असू दे. हल्ली जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर असतात. फायरवॉलला साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. म्हणजे अख्खं यूट्यूब बंद करता येतं, त्यातला एक व्हिडिओ नाही. आतलं बघायचंच म्हटलं तर प्रत्येक कॉम्प्युटरवर आपलं सर्टिफिकेट टाकून मध्ये बसावं लागतं. विक्रेते ते मोठ्या उत्साहानं विकतात. तू करू नकोस. ऑफिसात बँकेचे पासवर्ड टाइप होतात, शिक्षक स्वतःचे मेल बघतात, ते उघडून वाचायचा अधिकार शाळेला कुणी दिला? शिवाय निम्म्या साइट चालेनाशा होतात आणि त्या दुरुस्त करायला तूच.

तुझ्या शाळेला डीएनएसवर अडवणं पुरे आहे. ओपीएनसेन्सच्या अनबाउंड या डीएनएस सर्व्हरमध्येच ब्लॉकलिस्ट निवडता येतात. अश्लील, जुगार आणि मालवेअर या तीन याद्या लाव, इतकंच. गुगलला सेफसर्च आणि यूट्यूबला रिस्ट्रिक्टेड मोड तिथूनच सक्तीचा करता येतो, त्यामुळं यूट्यूब अख्खं बंद करायची वेळ येत नाही, आणि शिक्षकांना धड्यांचे व्हिडिओ दाखवता येतात. फारच घाई असेल तर पहिल्या दिवशी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा डीएनएस दे. २०२० पासून तो फुकट आहे, मालवेअर आणि प्रौढांच्या साइट स्वतःच अडवतो.

पण पोरं हुशार असतात गं. कॉम्प्युटरवर दुसरा डीएनएस लिहितील, फोनवर प्रायव्हेट डीएनएस लावतील. म्हणून ५३ नंबरच्या पोर्टवर बाहेर जाणारी सगळी विचारणा फायरवॉलकडंच वळव आणि ८५३ बंद कर. ब्राउझरच्या आतून गुपचूप जाणाऱ्या डीएनएसचीही तयार यादी मिळते, ती लाव. एवढं करूनही कुणी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला तर तुझी फायरवॉल त्यात काही करू शकत नाही. तो वर्गशिक्षकांचा आणि आईवडिलांचा विषय. त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नकोस.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे. शब्दांवरून अडवणारी यादी लावू नकोस. एखादा शब्द आला की पान बंद, अशी. आठवी-नववीतली मुलगी पाळीबद्दल, शरीराबद्दल काही शोधते ते बहुतेक घरी विचारता येत नाही म्हणून. तिच्यासमोर लाल अक्षरात ‘हे पान प्रतिबंधित आहे’ आलं आणि शेजारच्या बाकावरच्यानं ते वाचलं, तर ती पुन्हा काही विचारेल का? डीएनएसवर अडवलेल्या एचटीटीपीएस साइटऐवजी आपलं पान दाखवता येत नाही, ब्राउझरची एररच दिसते, म्हणून लॅबच्या भिंतीवर साध्या मराठीत ‘एखादं पान चुकून अडलं असेल तर कॉम्प्युटरच्या मॅडमना सांगा’ एवढं लिहून लाव. काय अडवायचं हे तू एकटीनं ठरवू नकोस. मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि एक पालक असे बसवून यादी ठरवा आणि त्यावर सही घे. उद्या कुणी विचारलं तर तुझ्या एकटीवर यायला नको.

लॅब आणि ऑफिस वेगळं ठेवायचं राहिलंच. व्हीलॅन करता येणारा स्विच घे आणि ऑफिस, लॅब, फोन आणि कॅमेरे असे चार भाग पाड, एकातून दुसऱ्यात जाता येणार नाही असे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये गेले, आठवतं? बँकेच्या आतल्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरनं ते केलं आणि त्यातले काही पैसे तर आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून काढले गेले. एवढ्या मोठ्या बँकेत हे होतं. तुझ्या लॅबमध्ये तर रोज कुणाचा ना कुणाचा पेन ड्राइव्ह लागतो. तिथला रोग ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत जाता कामा नये, कारण तिथं शिक्षकांचे खातेनंबर आणि मुलांचे आधार आहेत.

फायरवॉलचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. तिचं पान बाहेरून उघडता येईल असं काही करू नकोस, कुणी ‘घरबसल्या सेटिंग करून देतो’ म्हटलं तरी. सगळं नीट चाललं की सेटिंगची फाइल उतरवून दोन पेन ड्राइव्हवर ठेव, त्यातला एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. लॉग सहा महिने राहतील अशी सोय कर. सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं, सीईआरटी-इननं, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवस सांगितलेत, शाळेनंही तोच हिशेब धरावा. पण ते लॉग कुणी कधी बघायचे हेही त्या सहीच्या कागदावर लिही. कोण काय बघतं याची चर्चा स्टाफरूममध्ये होता कामा नये. आणि ऑफिसात कुणाची ऑनलाइन फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनला फोन. तो नंबर भिंतीवर लाव.

आता एवढंच. परीक्षेच्या आठवड्यात यातल्या कशालाही हात लावू नकोस. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बस. सगळं जोड आणि मग फायबरची वायर हातानं काढून बघ, एक मिनिटाच्या आत सिमवर नेट आलं पाहिजे. मग वायर परत लाव आणि सिमची काढ. मग दोन्ही लावून फक्त केबलवाल्याच्या मोडेमची लाइट घालव. तिन्ही वेळेला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शालार्थचं पान उघडलं तर सोमवारी बिनधास्त शाळेत जा. न उघडलं तर जुनी जोडणी होती तशी लाव, कुणाला काही कळायचं नाही, आणि पुढच्या शनिवारी परत बस. शनिवारी दुपारी मी घरीच आहे. वायर काढायच्या आधी फोन लाव, मी फोनवर थांबते.